‘आनंद’ अडविणारी गोळी

गांजाची चिलीम ओढणाऱ्यास भूक खवळते, हे परळीच्या जत्रेत बैराग्यांच्या पंगतीजवळ बसलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. या अनुभवामागचे शास्त्र मात्र अलीकडचे. गांजातील मादक द्रव्य मेंदूतील पेशींवरच्या विशिष्ट ग्राहींना, म्हणजे जणू कुलपांना, लागू पडते. 1992 साली इस्राएलमधील राफेल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत या कुलपाची शरीराने स्वतःच घडविलेली किल्ली सापडली. तिचे नाव ठेवताना संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ हा शब्द घेतला व ‘आनंदामाइड’ जन्मास आले.

या कुलपाने भूक वाढत असेल, तर ते बंद केल्यास भूक ओसरेल, असा तर्क करून ‘सानोफी’ या फ्रेंच कंपनीने रिमोनाबंट हे औषध तयार केले. तर्क खोटा नव्हता. वजन खरोखरच उतरले. 2006 च्या जूनमध्ये युरोपने त्यास परवानगी दिली.

परंतु हे कुलूप केवळ भुकेच्या कोठीला लावलेले नव्हते. एक मज्जापेशी दुसरीला संदेश देते, तेव्हा संदेश घेणारी पेशी आनंदामाइडसारखी द्रव्ये उलट दिशेने धाडून ‘आता पुरे’ असे सुचविते. उत्तेजनेला आवर घालणारी ही व्यवस्था मेंदूत भीती, झोप, स्मरण, मनःस्थिती अशा कितीतरी व्यवहारांत गुंतलेली आहे. तिलाच खीळ घातल्यावर चक्कर, निद्रानाश, हातापायांस मुंग्या, कंप, चिंता आणि खिन्नता ही लक्षणे दिसू लागली, याचे नवल ते काय! 2007 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने 14 विरुद्ध 0 मतांनी औषध नाकारले. ऑक्टोबर 2008 मध्ये युरोपीय औषध संस्थेने, मानसिक विकारांचा धोका सुमारे दुपटीने वाढतो असे सांगून, विक्री स्थगित करण्याची शिफारस केली. हृदयविकाराचा धोका असलेल्या 18,695 लोकांवरील एक मोठी चाचणी मध्येच थांबविण्यात आली. तीत औषध घेणाऱ्यांपैकी चौघांनी, तर नुसती निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी एकाने आत्महत्या केली होती. आकडे लहान आहेत; पण वजन कमी करण्यासाठी घ्यावयाच्या गोळीच्या हिशेबात ते लहान म्हणता येत नाहीत.

आपल्या देशातील कंपन्यांनीही हे औषध स्वतःच्या नावांनी बाजारात आणले होते. केंद्र सरकारची बंदीची अधिसूचना निघाली ती 11 डिसेंबर 2009 रोजी. युरोपच्या निर्णयानंतर जवळजवळ चौदा महिन्यांनी.

बीडच्या वाचकास हे दूरचे वाटेल. तथापि, बैठ्या कामाने वजन वाढलेला, मधुमेहाने धास्तावलेला कारकून वा शिक्षक आता तालुक्याच्या गावीही दुर्मिळ नाही. अशा माणसाची झोप उडाली, जीव कशातच रमेना, तर घरची मंडळी कर्जाकडे, मुलीच्या लग्नाकडे, बदलीच्या त्रासाकडे बोट दाखवतील. दुष्काळ आणि आत्महत्या यांसाठी ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार छापले जाते, तेथे खिन्नतेला कारणे हाताशीच असतात. गोळीच्या पाकिटाकडे कोण पाहणार? आणि ती डॉक्टरांनी वजनासाठी दिली असेल, तर मनाची तक्रार त्यांना सांगावी, हे रुग्णाला सुचतही नाही.

हा विषय जुना झालेला नाही. मेंदूत कमी शिरेल अशा बेताने घडविलेल्या ‘मोनलुनाबंट’ या त्याच जातीच्या नव्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये जाहीर झाले. वजन घटले, चिंता, चिडचिड आणि झोपमोड मात्र पुन्हा दिसली.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना आपल्याकडे 2010 पासून आहे. तिचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार नोंदवू शकतो. आपल्या गावातील किती दवाखान्यांच्या भिंतीवर हा क्रमांक लिहिलेला आहे, हे वाचकांनी जाता-येता पाहावे.