विषय ठरवण्याचा मंगळवार

सकाळी ७:००

ऑक्टोबरच्या मध्यात हायडेलबर्गला सात वाजता अजून अंधार असतो. पुण्यात तेव्हा साडेदहा झालेले असतात आणि आमच्या विभागातल्या समन्वयक मॅडम पहिलं लेक्चर आटोपून खोलीत आलेल्या असतात. त्यांना फोन करायची वेळ हीच.

मे महिन्यात पुण्यात बसून ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ भरलं होतं. इथे मी कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात एम.ए.चे कोणते पेपर सुटणार, याचा तो दोन्ही विद्यापीठांच्या सह्यांचा कागद. पण तेव्हा या सेमिस्टरचं वेळापत्रक लागलेलंच नव्हतं, त्यामुळे आदल्या वर्षीचं समोर ठेवून भरला. त्यातला एक विषय यंदा शिकवलाच जात नाही आणि दोन विषय एकाच वेळेला आलेत. एक्स्चेंजला आलेल्या कित्येकांचं असंच होतं. बदलासाठी वेगळा फॉर्म असतो तो त्यासाठीच.

“बदल खुशाल कर गं, पण प्रत्येकाचा सिलॅबस पाठव,” मॅडम म्हणाल्या. “नुसत्या नावावर मला पुढे काही मंजूर करून घेता येत नाही. आणि तीस क्रेडिट भरायचा हट्ट धरू नकोस. वीस झाले तरी आपलं भागतं.”

सकाळी ७:४५

चहा घेता घेता मी हा तीसचा हिशोब मांडला. तो ज्याने त्याने एकदा स्वतः मांडून बघावा असं मला कळकळीने वाटतं. युरोपात पूर्ण वेळ शिकणाऱ्याच्या एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षेचा अभ्यास सगळं आलं. आपल्याकडे लेक्चरचं एक क्रेडिट वर्गातल्या १५ तासांवर मोजतात. म्हणजे नाव एक, मापं दोन. तीस क्रेडिट म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास, आणि त्यातले बरेचसे वेळापत्रकात दिसतच नाहीत. बुधवार-शुक्रवार मोकळे दिसले म्हणून आणखी दोन विषय ओढून घेणाऱ्याची डिसेंबरात दमछाक होते.

सकाळी ९:१५

वेळापत्रकात नऊ लिहिलेलं असलं तरी शेजारी ‘सी. टी.’ अशी अक्षरं असली, की वर्ग सव्वानऊला भरतो. समाजशास्त्राचं मोठं लेक्चर, तेही जर्मनमध्ये. मला निम्मं समजलं. हजेरी नाही. संपल्यावर टाळ्यांऐवजी सगळे बोटांच्या पेरांनी बाकं वाजवतात.

नंतर पुढे जाऊन परीक्षेचं विचारलं. लेखी परीक्षा, फेब्रुवारीत. आमची पुण्यातली पुढची सेमिस्टर जानेवारीत सुरू होते. दोन देशांच्या कॅलेंडरांचा हा पेच कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी प्रत्येक विषयाची परीक्षा कधी, कशी, हे विचारून घ्यावं. या लेक्चरला मी बसत राहीन, पण क्रेडिटसाठी नाही.

सकाळी ११:१५

माक्स वेबर १८९७ मध्ये या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले, आणि भांडवलशाहीच्या वृत्तीवरचे त्यांचे गाजलेले लेख १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथल्या समाजशास्त्राच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. आपण वेबर शिकतो ते बहुधा नोट्समधून: नोकरशाहीची सहा वैशिष्ट्यं, अधिकाराचे तीन प्रकार. या सेमिनारमध्ये विशीतल्या वीसेक जणांनी दीड तास एकच परिच्छेद धरून ठेवला. एकाने म्हटलं, हे वाक्य मागच्या पानाशी जुळत नाही. प्राध्यापकबाईंनी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना मागचं पान उघडायला लावलं. तिथेच मी ठरवलं, हा विषय घ्यायचा.

मग रेफेराटचा, म्हणजे वर्गापुढे मांडणी करण्याचा, कागद फिरला. ज्याने त्याने एक मजकूर निवडून नाव लिहायचं. माझ्यापर्यंत आला तेव्हा हिंदू धर्मावरच्या मजकुरासमोरची ओळ रिकामी होती. ती माझ्यासाठी ठेवल्यासारखी वाटली. बाईंच्या ते ध्यानात आलं असावं. त्या म्हणाल्या, “तुम्ही भारतातून आलात म्हणून तोच भाग घ्यायला हवा असं नाही.” मी नोकरशाहीसमोर नाव लिहिलं. मांडणी डिसेंबरात. त्यावर पंधरा-वीस पानी निबंध मार्चअखेर द्यायचा आणि तो पुण्याहून मेलने पाठवला तरी चालतो.

दुपारी १:००

मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, भौतिकशास्त्राला असलेला नागपूरचा एक दादा भेटला. दुपारी भारतातल्या पशुपालकांवरच्या सेमिनारला जायचा माझा बेत ऐकून म्हणाला, “इतक्या लांब येऊन पुन्हा भारतच शिकायचा? मग पुणं काय वाईट होतं?” हे मला पटत नाही.

दुपारी २:००

न पटण्याचं कारण बेर्गहाइम भागातल्या आशियाविषयक ग्रंथालयात आहे. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ सालची. गुंथर सोंथायमर इथे शिकवायचे. धनगरांबरोबर ते महाराष्ट्रात रानोमाळ हिंडले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबाच्या जत्रांना जात राहिले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. १९९२ मध्ये ते गेले. माझं आजोळ जेजुरीपासून तासाभरावर आहे, आणि समाजशास्त्राच्या पाच वर्षांत धनगरांच्या देवांवर एकही लेक्चर मला मिळालं नाही. ते पुस्तक हातात घेऊन मी म्हस्कोबाचं प्रकरण उघडलं तेव्हा वीर गावचं देऊळ, पालखी, सगळं ओळखीचं, पण नदीखोरी, चराईच्या वाटा आणि पाऊसमान यांच्याशी त्या देवांची सांगड घालणारी नजर मला नवी होती. विषय भारताचा आहे की नाही, यापेक्षा तो इथे ज्या तऱ्हेने शिकवतात ती तऱ्हा घरी मिळणार आहे का, हे बघावं.

दुपारी ४:१५

पशुपालक समाजांवरचा सेमिनार. आठ जण, शिकवणं इंग्रजीत, परीक्षा नाही, निबंध आहे. घेतला.

संध्याकाळी ६:३०

यादी अशी झाली: वेबर ८ क्रेडिट, पशुपालक ८, जर्मन भाषा ६. एकूण बावीस. सांख्यिकीचा पेपर मात्र इथल्या कशाशीच जुळत नाही. तो पुण्यात परतल्यावर द्यावा लागेल आणि पुढची सेमिस्टर त्यामुळे जड जाईल, हे मान्य करून मॅडमना तसं लिहिलं. दोन्ही सेमिनारचे सिलॅबस जोडले, कारण तासांचा आणि वाचनाचा तपशील त्यांतच असतो. इथली सही गुरुवारी, भेटीच्या वेळेत मिळेल. पुढच्या मंगळवारसाठी वेबरची तीस पानं आहेत. आधी इंग्रजीतून वाचणार आणि मग रोज एक परिच्छेद जर्मनमधून.