‘पोशाख’ : एका शब्दाचे कूळ व व्याकरण

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सूचनेत ‘पारंपरिक पोशाख’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. यातील ‘पोशाख’ हा शब्द मूळचा फारसी. उर्दूत त्याचे रूप ‘पोशाक’ असे आहे. ‘पोशीदन’ म्हणजे झाकणे, परिधान करणे. या क्रियापदाच्या ‘पोश’ या अंगाला ‘आक’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला. खाणे या अर्थाच्या ‘खुर्दन’पासून ‘खुराक’ झाला, तो याच रीतीने.

फारसीत नामांना व्याकरणिक लिंग नाही. उर्दूने मात्र ‘पोशाक’ स्त्रीलिंगी मानला व त्याचे अनेकवचन ‘पोशाकें’ केले. मराठीने अंत्य ‘क’चा ‘ख’ करून शब्द पुल्लिंगात घेतला. ‘खुराक’चेही तसेच झाले. हिंदी उर्दूप्रमाणेच चालते. त्यामुळे मराठी विद्यार्थी हिंदीच्या वहीत ‘नई पोशाक’ऐवजी ‘नया पोशाक’ लिहितो. ही चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या सवयीची आहे. गुण कापण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे कारण सांगितलेले बरे.

समासाच्या शेवटी ‘पोश’ आला की ‘झाकणारा’ असा अर्थ होतो. ‘पापोश’ म्हणजे पाय झाकणारे, अर्थात पादत्राण. तोच आपला ‘पायपोस’. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसल्याची तक्रार सरकारी कचेऱ्यांविषयीही कानी येते! ‘पलंगपोस’ही त्याच घरचा.

हा शब्द मराठीत किती मुरला, याची साक्ष पंढरपुरात मिळते. तेथे श्रीविठ्ठलाच्या नित्योपचारांत दुपारनंतर देवाला वस्त्रालंकार चढवितात. त्या उपचाराचे नावच ‘पोशाख’ आहे.