बरा हाय की, मग गोळी कशाला?



'कंट्रोल ग्रुप' आणि 'रँडम वाटणी' या दोन शब्दांच्या व्याख्या आपण सगळ्यांनीच प्रवेश परीक्षेसाठी पाठ केलेल्या असतात. मीही केल्या होत्या, मार्कही मिळाले. पण त्या मला खऱ्या कळल्या त्या घरी, गोळ्यांच्या एका पाकिटावरून. आज तेच सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना शौचातून रक्त जायला लागलं. आपल्याकडे रक्त म्हटलं की मूळव्याध! वर्षभर त्याचीच औषधं झाली. वजन उतरलं, दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागायचं. मोल्डिंगच्या लाइनवरून हलायचं तर बदली माणूस लागतो. त्यामुळे दुखण्यापेक्षा 'हा कामचुकार झालाय' हे बोलणं त्यांना जास्त लागायचं. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि नाव कळलं : अल्सरेटिव्ह कोलायटिस.

औषधं सुरू झाली, आण्णा बरे झाले, आणि आठ महिन्यांनी त्यांनी गोळ्या बंद केल्या. तीन महिने काहीच झालं नाही. चौथ्या महिन्यात ॲडमिट करावं लागलं. स्टेरॉइड, सलाइन, दीड महिना घरी. पुन्हा बरे झाले आणि पुन्हा तोच प्रश्न, यावेळी मला : "तू एवढा शिकतोयस न्हवं, मग सांग बघू. मी बरा हाय की, मग गोळी कशाला खायाची?"

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी, डॉक्टर नाही. पण प्रश्न अस्सल संशोधनाचा होता.

आधी आजार समजून घेऊ

आतड्याला दीर्घकाळ सूज राहणाऱ्या आजारांत दोन मुख्य आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात असतो. बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण पाडतो. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. भारतात क्रोन्स ओळखण्यात एक मोठी अडचण आहे : आतड्याचा टीबी हुबेहूब तसाच दिसू शकतो, आणि टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर जिवावर बेतू शकतं.

या आजारांत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते. अनुवंश, आतड्यातले जिवाणू, राहणीमान अशी अनेक कारणं त्यात गुंतलेली आहेत. आजार कधी उसळतो, कधी शांत होतो. बहुतेकांना तो जन्मभर सांभाळावा लागतो.

"हे साहेबांच्या देशातलं दुखणं, आपल्याकडं कुठनं आलं?" असंही आण्णांनी विचारलं होतं. बऱ्याच काळापर्यंत अनेक डॉक्टरांचाही तसाच समज होता. पंजाबात लुधियानाच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली. त्यांचा निबंध २००३ साली 'गट' या नियतकालिकात आला. त्यात कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले. भागाकार करून बघा : लाखात सुमारे ४४. शोधलंच नाही तर आजार 'नसतो', हा पहिला धडा.

एका माणसाचा अनुभव पुरावा का होत नाही?

आण्णांचा युक्तिवाद असा : "गोळी सोडली तवा तीन महिने कुठं काय झालं? नंतर झालं ते लग्नातल्या मटणानं."

हसू नका. त्यांचं चुकतंय ते दाखवून द्या बघू! आजार आपोआपही चढतो-उतरतो. त्यांनी गोळी सोडली, त्याच काळात लग्नही झालं, रात्रपाळीही लागली. गोळी चालू ठेवली असती तर काय झालं असतं, हे बघायला दुसरे आण्णा आपल्याकडे नाहीत. तो न दिसणारा 'दुसरा आण्णा' उभा करणं, म्हणजेच कंट्रोल ग्रुप.

मी वाचायला लागलो. पहिल्यांदा सापडला तो सुनंदा केन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास. आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या ९९ रुग्णांवर त्यांनी लक्ष ठेवलं. नियमित मेसालामाइन घेणाऱ्यांत आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, न घेणाऱ्यांत ३९ टक्के. मी आनंदानं उठलोच, आण्णांना सांगायला.

उंबऱ्यातच थबकलो. इथं गोळी कुणी घ्यायची आणि कुणी नाही, हे कुणी ठरवलं? रुग्णांनीच! जो माणूस गोळी वेळेवर घेतो तो झोपही वेळेवर घेत असेल, तपासणीलाही जात असेल. मग फरक गोळीचा, की माणसाचा?

ही शंका नुसती पुस्तकी नाही. अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टचं १९८० साली आलेलं विश्लेषण प्रत्येकानं एकदा तरी वाचावं. हृदयरोग्यांना क्लोफायब्रेट नावाचं औषध दिलं होतं. औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के, अनियमित घेणाऱ्यांत २४.६ टक्के. म्हणजे औषध भारीच की! पण आता ज्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली होती त्यांच्याकडे बघा. ती नियमित घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के, अनियमित घेणाऱ्यांत २८.३ टक्के! गोळीत काहीच नव्हतं, तरी नियमित घेणारे जास्त जगले. नियमितपणासोबत माणसाच्या आणखी कितीतरी गोष्टी येतात, त्यांचं श्रेय आपण गोळीला देऊन बसतो.

मग उत्तर कुठं मिळालं?

ऑक्सफर्डमध्ये. दिसानायके आणि ट्रूलव्ह यांचा १९७३ चा निबंध जणू आण्णांचाच प्रश्न घेऊन लिहिलाय. सल्फासॅलझिनच्या गोळ्या किमान वर्षभर घेत असलेले कोलायटिसचे रुग्ण त्यांनी निवडले. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केली : काहींची खरी गोळी चालू ठेवली, काहींना तशीच दिसणारी खोटी दिली. सहा महिने पाहिलं. खोटी गोळी घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं.

इथं शिस्तीचा माणूस कुठल्या गटात जाणार हे तो स्वतः ठरवत नाही. लग्नातलं मटण, रात्रपाळी, स्वभाव, सगळं दोन्ही गटांत साधारण सारखं वाटलं जातं. उरतो तो फरक गोळीचा. रँडम वाटणीची व्याख्या मला त्या दिवशी कळली.

पुढची पायरीही गोड आहे. सल्फासॅलझिनच्या रेणूत दोन भाग जोडलेले असतात आणि आतड्यातले जिवाणू तो जोड तोडतात. त्यातला कामाचा भाग कोणता? ढाक्याहून ऑक्सफर्डला संशोधनासाठी गेलेल्या आझाद खान यांनी ट्रूलव्ह आणि सहकाऱ्यांबरोबर दोन्ही भाग वेगवेगळे करून एनिमातून रुग्णांना दिले. १९७७ साली उत्तर आलं : सल्फा नसलेला भाग. तोच आजचा मेसालामाइन, आण्णांच्या पाकिटावर छापलेला. सल्फाचा भाग वगळल्यानं बऱ्याच जणांचा दुष्परिणामांचा त्रासही वाचला. (हे कोलायटिसबद्दल. क्रोन्समध्ये या गोळीचा फारसा उपयोग दिसत नाही, तिथं उपचार वेगळे.)

आण्णांना कसं सांगितलं?

'चौपट' ऐकून आण्णा म्हणाले, "म्हंजे गोळी खाऊनबी काहींना झालंच की." बरोबर! गोळी हमी देत नाही, धोका कमी करते. आणि सोडणाऱ्या प्रत्येकाचा आजार लगेच उलटतो असंही नाही. त्यामुळं त्यांचे ते तीन महिने या अभ्यासाच्या विरुद्ध जात नाहीत.

पण पटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी विचारलं, "कास्टिंग वरून चकाचक असतं आणि मशीनिंगला गेल्यावर आत ब्लोहोल निघतो, असं होतं का नाही?" आण्णा गप्प झाले. असे किती जॉब परत आलेले त्यांनी पाहिलेत. आतड्याचंही तसंच. त्रास थांबला तरी अस्तरावर सूज शिल्लक असू शकते. म्हणून डॉक्टर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात, गरज पडली तर दुर्बीण घालतात. बरं वाटणं वेगळं आणि आतून बरं असणं वेगळं. जुन्या, पसरलेल्या कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षं झाली की तपासणीची कोलोनोस्कोपी सांगतात, त्रास नसला तरी.

निबंधात नसलेलं

रोजचं जगणं मात्र कुठल्याच तक्त्यात नसतं. आण्णांनी डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन सुपरवायझरला आजार नीट समजावून सांगितला. लाज वाटली, पण बदली माणसाचा प्रश्न सुटला. भट्टीजवळच्या उकाड्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, म्हणून डब्यासोबत ओआरएसची पुडी असते. अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घ्यायची सवय सोडली. अशा वेदनाशामकांनी काहींचा आजार उसळतो, त्यामुळे आता डॉक्टरांना विचारूनच. मेसालामाइन चालू असल्यानं अधूनमधून किडनीची रक्ततपासणी होते.

तांबडा रस्सा? तिखटानं हा आजार होतो असा ठोस पुरावा नाही. आजार उसळलेला असताना मात्र तिखटानं त्रास वाढू शकतो. आण्णा वहीत लिहितात, काय खाल्लं आणि काय झालं. शांत काळात रविवारी वाटीभर रस्सा चालतो.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता काही दिवस बंद झाला. तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी घरात महिन्याच्या जादा गोळ्या असतात.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरात कुणीतरी ठामपणे म्हणतं असं एक वाक्य घ्या, 'अमुक खाल्लं की तमुक होतं' छापाचं. वहीत तीन ओळी लिहा : तुलना कुणाची कुणाशी आहे? कुठल्या गटात जायचं हे कुणी ठरवलं? ज्यांचा हिशेबच झाला नाही ते कोण? कुठलाही निबंध वाचताना या तीन ओळी आधी लिहायच्या, निष्कर्ष नंतर वाचायचा.

आण्णा सध्या दुसऱ्या पाळीला आहेत. जेवणाच्या डब्याच्या झाकणावर रबरबँडनं गोळी अडकवलेली असते. "खाल्ली काय?" असं मी फोनवर विचारतो. "तुझ्या त्या ऑक्सफर्डवाल्यांना सांग, खाल्ली म्हणून," असं उत्तर येतं.