जुन्या इंधन-अंतःक्षेपण मोटारीसाठी बदली कॅमशाफ्टची निवड : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. पुढे १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ हे उत्सर्जन मानक देशभर लागू झाले आणि नव्या मोटारींमध्ये कार्ब्युरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. गॅरेजमध्ये हिलाच ‘एमपीएफआय’ म्हणतात. त्या काळातील मोटारी पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून आजही वापरात दिसतात. अशा मोटारीचा कॅमशाफ्ट झिजला, तर त्याच्या जागी कोणता बसवावा, हा प्रश्न वरकरणी मिस्त्रीचा वाटतो. प्रत्यक्षात तो भौतिकशास्त्राचा, कायद्याचा आणि घाटरस्त्यावरील सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

कॅमशाफ्टचे कार्य :

इंजिनात हवा व इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह. त्या केव्हा उघडाव्यात, किती उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात, हे कॅमशाफ्टवरील उंचवटे ठरवितात. चार आघातांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. उंचवट्याच्या आकारातून तीन गोष्टी निश्चित होतात : झडपेची उचल, ती उघडी राहण्याचा कालावधी आणि दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ. या तिसऱ्या गोष्टीस ‘ओव्हरलॅप’ म्हणतात.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक उदाहरण घेऊ. एका कॅमची सेवन-झडप पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी १५ अंश उघडते आणि तो खालच्या टोकावरून वर निघाल्यानंतर ४५ अंशांनी मिटते. तिचा कालावधी १५ + १८० + ४५ = २४० अंश झाला. उत्सर्जन-झडप वरच्या टोकानंतर १५ अंशांनी मिटत असेल, तर ओव्हरलॅप ३० अंश होतो. आता कॅमचे मध्यबिंदू न हलविता दोन्ही झडपांचा कालावधी २७० अंश केला, तर सेवन-झडप ३० अंश आधी उघडेल आणि उत्सर्जन-झडप ३० अंश उशिरा मिटेल. कालावधी केवळ साडेबारा टक्क्यांनी वाढला. ओव्हरलॅप मात्र ६० अंश, म्हणजे दुप्पट झाला. ‘थोडा मोठा कॅम’ हा शब्दप्रयोग किती फसवा आहे, हे यावरून लक्षात येते.

संगणकाची अडचण :

वेगाने धावणाऱ्या इंजिनास दीर्घ ओव्हरलॅप उपकारक ठरतो. मंद गतीत मात्र जळलेला वायू सेवन-नळीकडे परत शिरतो व तेथील निर्वात कमी होतो. अनेक छोट्या मोटारींचा संगणक सेवन-नळीतील दाब मोजून हवेचे प्रमाण अनुमानित करतो. त्यातील कोष्टके मूळ कॅमशाफ्टसाठी रचलेली असतात. दाब वाढलेला दिसताच तो ‘अधिक हवा आली’ असे समजतो आणि अधिक इंधन सोडतो. वास्तविक त्या वायूचा काही भाग धूरच असतो. ऑक्सिजन-संवेदक ही चूक काही अंशी सुधारतो, परंतु त्या दुरुस्तीला मर्यादा आहे. कार्ब्युरेटरच्या काळी मिस्त्री स्क्रू फिरवून मिश्रण जुळवीत असे; येथे तो मार्ग उरलेला नाही.

शिवाय सेवन-झडप उशिरा मिटल्याने, पिस्टन वर येऊ लागताच आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग परत जातो व मंद गतीतील ओढ घटते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवरील तोरणमाळला हवा मुळातच विरळ असते. तेथे ही उणीव अधिक जाणवते.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाच्या २००३ सालच्या मोटारीत असाच प्रसंग उद्भवला. कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजला होता. विक्रेत्याने अधिक कालावधीचा कॅमशाफ्ट सुचविला आणि ‘गाडी पळेल’ असे सांगितले. नवापूरकडील महामार्गावर ती खरोखर पळाली. मात्र पावसाळ्यात तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैली घाटात, मालवाहू वाहनामागे सावकाश चढत असता, अवघड वळणावर इंजिन दोनदा बंद पडले. मागे वाहन होते आणि बाजूला दरी होती. पुढे प्रदूषण तपासणीतही मोटार अनुत्तीर्ण ठरली. मूळ परिमाणांचा कॅमशाफ्ट बसविल्यावर दोन्ही दोष नाहीसे झाले. दोष सुट्या भागाचा नव्हता, निवडीचा होता.

निवडीचे निकष :

१) झीज का झाली, हे प्रथम शोधावे. तेलाचा मार्ग तुंबलेला असल्यास नवा कॅमशाफ्टही लवकर झिजेल.

२) इंजिनाचा संकेतांक व सुट्या भागाचा क्रमांक जुळवावा. एकाच नावाच्या मोटारीच्या कार्ब्युरेटर व एमपीएफआय आवृत्त्यांचे कॅमशाफ्ट सारखेच असतील, असे गृहीत धरू नये.

३) दोन कॅमशाफ्टचे कालावधी समान उचलीवर मोजलेले असतील, तरच त्यांची तुलना करावी. झडप जेमतेम हलताच मोजलेला आकडा मोठा दिसतो, एक मिलिमीटर उचलीवर मोजलेला लहान.

४) घासून दुरुस्त केलेला कॅमशाफ्ट जपून घ्यावा. शीत-दृढ बिडाच्या कॅमशाफ्टचा पृष्ठभाग कठीण असतो, गाभा तुलनेने मऊ. अधिक घासल्यास मऊ भाग उघडा पडतो. असे कॅमशाफ्ट महाराष्ट्रातच, सोलापूर येथे, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या उद्योगात मोठ्या प्रमाणावर तयार होतात.

५) कॅमबरोबर घासणारे टॅपेट किंवा रॉकर तपासून झिजलेले बदलावेत. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून व्हॉल्व्ह-अंतर निश्चित करावे.

६) कायद्याची मर्यादा ध्यानी घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार भारत स्टेज-२ व ३ च्या पेट्रोल मोटारींसाठी मंद गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. मंद गतीत अतिरिक्त इंधन सोडणारे इंजिन ती सहज ओलांडते.

निष्कर्ष :

कॅमशाफ्ट हा सुटा विकला जाणारा भाग असला, तरी तो सुटा विचार करण्याचा भाग नाही. संगणकातील कोष्टके, सेवन-नळी आणि उत्सर्जन-व्यवस्था यांच्याशी त्याचे नाते मूळ रचनेतच बांधलेले असते. कोष्टके नव्याने लिहिण्याची सोय नसेल, तर मूळ परिमाणांचाच कॅमशाफ्ट निवडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरते. धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या दुर्गम भागांत अध्यापनासाठी जाणाऱ्यास महामार्गावरील चार किलोमीटरांच्या वाढीव वेगापेक्षा घाटातील वळणावर न थांबणारे इंजिन अधिक मोलाचे आहे.