डाएटलाही सुट्टी हवी, पण तारीख ठरवून

जूनची पहिली तारीख उलटली की वर्सोवा कोळीवाड्यात बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही हाच काळ. या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, इंजिनं उघडली जातात, बोटींना रंग लागतो. महत्त्वाचं म्हणजे बोट वर ओढतानाच ती पुन्हा कधी पाण्यात जाणार हे ठाऊक असतं.

याच वर्सोव्यात आरामनगरपासून सात बंगल्यापर्यंत दर काही पावलांवर जिम आहे. ऑडिशनसाठी महिन्याभरात सात-आठ किलो उतरवायला निघालेली मुलं-मुली इथे नवी नाहीत. त्यांच्यासारखेच, पण जास्त संख्येने, चाळिशीतले नोकरदार आणि गृहिणीही आहेत. डॉक्टरांनी ‘पंधरा किलो कमी करा’ असं सांगितल्यावर त्यांनी भात बंद केलेला असतो. या सगळ्यांच्या बोलण्यात डाएटच्या दोनच अवस्था असतात. एकतर ते ‘चालू’ असतं, नाहीतर ‘सुटलेलं’ असतं. ठरवून थांबणं आणि ठरलेल्या दिवशी परत सुरू करणं ही तिसरी अवस्था फारशी कोणी सांगत नाही. तिला इंग्रजीत ‘डाएट ब्रेक’ म्हणतात आणि गेली वीस-बावीस वर्षं तिच्यावर संशोधन चालू आहे.

त्याची सुरुवात गमतीशीर आहे. रेना विंग आणि रॉबर्ट जेफरी या अमेरिकन संशोधकांना खरं तर डाएट मोडतं कसं, याचा अभ्यास करायचा होता. त्यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या १४२ जणांचे तीन गट केले. एका गटाला मध्येच सलग सहा आठवडे थांबायला सांगितलं, दुसऱ्याला दोन-दोन आठवड्यांचे तीन खंड दिले आणि तिसऱ्याला थांबवलंच नाही. थांबलेले लोक घसरतील, मग घसरण कशी होते ते पाहू, असा बेत होता. पण लोक घसरलेच नाहीत. खंडाच्या काळात वजन उतरायचं मंदावलं, पण नंतर मंडळी मुकाट्याने पुन्हा कामाला लागली आणि पुढे तिन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक उरला नाही. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग एका अर्थी फसला, पण हाती लागलं ते मोलाचं होतं. आपल्या मनाने डाएट सुटणं आणि कोणीतरी ‘आता थांबा, अमुक तारखेला या’ असं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रेकला खरी प्रसिद्धी मिळाली ती ऑस्ट्रेलियातल्या ‘मॅटाडोर’ या प्रयोगामुळे. टास्मानिया विद्यापीठाच्या नुआला बर्न यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रयोगात ५१ स्थूल पुरुष होते. दोन्ही गटांनी एकूण १६ आठवडे गरजेपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी कॅलरी घेतल्या. एका गटाने ते सलग केलं. दुसऱ्याने दोन आठवडे डाएट, दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं खाणं, असं आलटून-पालटून केलं. सलग गटाचं वजन सरासरी ९.१ किलो उतरलं, तर थांबत-थांबत जाणाऱ्यांचं १४.१ किलो. खंड घेणाऱ्यांच्या शरीराने खर्चाला लावलेली कात्रीही कमी होती.

ही कात्री समजून घ्यायला हवी. वजन उतरू लागलं की शरीर काटकसरीला लागतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. चरबी घटली, खाणं घटलं की लेप्टिन घसरतं आणि मेंदू त्याचा अर्थ ‘दुष्काळ आला’ असा लावतो. भूक वाढते, विश्रांतीत होणारा खर्च अपेक्षेपेक्षा थोडा जास्तच कमी होतो, आणि आपण नकळत कमी हालचाल करू लागतो. लिफ्टची सवय लागते, बसल्या जागेवरून पाणी मागितलं जातं. तिसऱ्या महिन्यात काटा अडकतो तो बरेचदा यामुळे. अधूनमधून पोटभर खाल्लं तर मेंदूचा हा गैरसमज दूर होईल, ही ब्रेकमागची मूळ कल्पना.

पण इथे हात आखडता घेतलेला बरा. मॅटाडोरमध्ये शेवटपर्यंत नियमाने टिकलेले ३६ जणच होते, ते सगळे पुरुष होते आणि त्यांना जेवण पुरवलं जात होतं. शिवाय खंड घेणाऱ्या गटाला तेवढ्याच डाएटसाठी १६ नव्हे, ३० आठवडे लागले. नंतरच्या प्रयोगांत ही किमया दिसली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आइसकॅप’ या ऑस्ट्रेलियन प्रयोगात नियमित वजनं उचलणारे ६१ स्त्री-पुरुष होते. दर तीन आठवड्यांच्या डाएटनंतर एक आठवडा ब्रेक घेणाऱ्यांची चरबी सलग डाएट करणाऱ्यांइतकीच उतरली. फरक पडला तो भुकेत. ब्रेकवाल्यांना भूक आणि खायची ओढ कमी जाणवली.

म्हणजे ब्रेकने चयापचय ‘रिसेट’ होतं, असं कोणी जिममध्ये सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र ब्रेकने नुकसान होतं, असंही दिसलेलं नाही. आणि ज्याला वर्षभर वाट चालायची आहे त्याच्यासाठी भूक कमी जाणवणं ही किरकोळ बाब नाही. बहुतेक डाएट मोडतात ती माणूस कंटाळतो म्हणून. चयापचयाचा दोष त्यात दुय्यम असतो.

आपल्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण. स्नायूंची पुंजी मुळातच तोकडी. त्यात महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ऑडिशनवाल्यांच्या घाईतला खरा तोटा हाच, काट्यावर दिसत नाही एवढंच. म्हणून डाएट असो वा ब्रेक, प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम सोडायचा नाही. वर्सोव्यात तर त्यासाठी डबे विकत घ्यायची गरज नाही. बोंबील, मांदेली, बांगडा बाजारात आहेत. बंदीच्या दोन महिन्यांत सुकट-जवळा आहेच, फक्त रक्तदाबवाल्यांनी त्यातलं मीठ लक्षात ठेवावं. शाकाहारींना डाळी, दही, पनीर, सोयाबीन.

मग ब्रेक घ्यायचा कसा? नेमका आकडा विज्ञानाकडे नाही. व्यवहारात आठ ते बारा आठवड्यांच्या डाएटनंतर एक-दोन आठवडे, असा प्रघात आहे आणि मला तो रास्त वाटतो. ज्यांना तीन-चार किलोच उतरवायचे आहेत त्यांनी या भानगडीत न पडता काम उरकावं. ब्रेकची सुरुवात आणि शेवट दोन्ही आधीच कॅलेंडरवर लिहायचे. आपल्याकडे त्यासाठी कॅलेंडर तयारच आहे. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न. नाहीतरी त्या दिवसांत डाएट मोडणारच असतं. मोडून अपराधी वाटण्यापेक्षा तिथेच ब्रेक आखलेला काय वाईट?

मात्र ब्रेक म्हणजे दोन आठवडे लग्नाच्या पंगतीत बसणं नव्हे. वजन स्थिर राहील इतकंच खायचं. समजा, आज तुमचं वजन २००० कॅलरींवर स्थिर राहतं आणि डाएटमध्ये तुम्ही १५०० घेत आहात. तर ब्रेकमध्ये वाढवायच्या फक्त ५००. म्हणजे दिवसभरात साधारण दोन चपात्या, एक वाटी भात आणि मूठभर शेंगदाणे एवढंच. गणपतीत त्याऐवजी मोदक घेता येतील, पण ‘त्याऐवजी’, ‘त्याशिवाय’ नाही. हिशेब आजच्या वजनाचा धरायचा. दहा किलो उतरलेल्या शरीराला जुन्या शरीराइतकं अन्न लागत नाही, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात.

दुसरी चूक काट्यावर होते. ब्रेकच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन एक-दीड किलोने वाढलेलं दिसतं आणि माणूस घाबरून पुन्हा उपाशी राहतो. ही चरबी नसते. भात-पोळी वाढली की स्नायू आणि यकृत रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरून घेतात. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सात-साडेसात हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. शेंगदाण्यांच्या मुठीने ते होत नाही.

काहींनी मात्र हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं घेणाऱ्या मधुमेहींचा डोस खाण्याशी बांधलेला असतो. खाणं कमी करताना आणि वाढवताना, दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारायला हवं. ज्यांना खायला बसल्यावर थांबताच येत नाही अशा विकाराचा त्रास झाला आहे, त्यांनीही सल्ल्याशिवाय ब्रेक घेऊ नये. आणि वजन कमी करण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं मध्येच थांबवणं म्हणजे डाएट ब्रेक नव्हे. ते औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.

ब्रेक संपून डाएट पुन्हा सुरू झालं की पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं. तेही बहुतांशी पाणीच असतं. त्यामुळे खरी मोजणी दुसऱ्या आठवड्यापासून धरा.