कंसातली नावं

पुण्यात घर घ्यायला निघालेली माणसं वकिलाकडे येतात ती बहुधा पैशांचे प्रश्न घेऊन. स्टॅम्प ड्यूटी किती बसेल? बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो ना? याला सरळ उत्तरं आहेत. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. महिलांची सवलत खरेदीदार सगळ्या स्त्रियाच असतील तर. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. ज्यांच्या टेबलाशेजारी बसून मी हे काम पाहिलं, त्या वकीलबाई ही उत्तरं फाइलची नाडी सोडता सोडता देतात. त्यांचा स्वतःचा प्रश्न निराळा असतो: विकणाऱ्याकडे हे घर आलं कुठून?

हा प्रश्न नोंदणीच्या दिवशी कुणीही विचारत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन लागतं, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, अंगठा उमटतो आणि साहेब विचारतात, सही तुमचीच ना, दस्त मान्य आहे ना. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं त्यांच्यावर मुख्यतः एवढंच सोपवलंय: दस्त करून देणारा माणूस तोच आहे आणि त्यानं तो कबूल केला, हे पाहणं. तमिळनाडूत विकणाऱ्यानं मालकी दाखवली नाही तर दस्त नाकारण्याची मुभा देणारा नियम होता. सर्वोच्च न्यायालयानं तो एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला, कारण मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाहीच. लाखो रुपये शुल्क भरून, शिक्क्यांचा दस्त हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला सरकारनं आपली मालकी पारखली असं वाटतं. तसं झालेलं नसतं, आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाला हे विसार देण्याआधी ठाऊक असायला हवं.

पारखायचं ते घेणाऱ्यानं. त्यासाठी सर्च घ्यायचा, साधारण तीस वर्षांचा. तीसच का, तर गहाण मिळकत सोडवून घेण्याचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ३० वर्षांपर्यंत करता येतो. त्याआधीच्या कायद्यात ती मुदत ६० वर्षं होती.

मी बसलो त्या दिवसांत टेबलावर होती ती नव्वदच्या दशकातल्या एका इमारतीतल्या फ्लॅटची फाइल. घेणारं तरुण जोडपं आणि नवऱ्याचे वडील. इमारतीखालची जमीन पूर्वी शेतीची. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीचं खरेदीखत सोसायटीला करून द्यावं, असं मोफा या फ्लॅट-मालकी कायद्याचे नियम सांगतात. इथे ते झालंच नव्हतं. त्यामुळे सात-बारा अजून मूळ शेतकरी कुटुंबाच्या नावावर होता आणि फ्लॅटचा शोध शेतापासून सुरू करावा लागला.

जुना, हाती लिहिलेला सात-बारा वाचणं ही वेगळीच विद्या आहे. नाव कमी झालं तरी ते खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालतात. वकीलबाई वाचतात त्या हे कंस. प्रत्येक कंसामागचा फेरफार मागवायचा आणि हे नाव का गेलं ते पाहायचं: माणूस वारला, वाटणी झाली, की विक्री? वारला असेल तर वारस किती लागले? मुलगेच लागले आणि मुली राहिल्या, असं जुन्या फेरफारांत वारंवार दिसतं. नावापुढे ‘एकुमॅ’ लिहिलं असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भावंडांचे हिस्से त्या एका नावाखाली झाकलेले असतात. ‘अपाक’ दिसलं की त्या थांबतातच. अज्ञान मुलाच्या वतीनं पालनकर्त्यानं जमीन विकली असेल तर न्यायालयाची परवानगी होती का? नसेल तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार मोडायला येऊ शकत होता. मग त्या मुलाचं जन्मवर्ष शोधायचं. इतर हक्कात कुळाची किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाची नोंद असेल तर आणखी कागद.

“पण मॅडम, सात-बारावर नाव आहे म्हणजे मालक तोच ना?” वडिलांनी विचारलं.

“काका, ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण नोंदीनं मालकी येत नाही. मालकी येते खरेदीखतानं, वारसानं, वाटणीनं. मला तो कागद हवा.”

नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, हा शोधाचा दुसरा भाग. जुनी रजिस्टरं गाववार, वर्षवार. पानं जीर्ण, कडा तुटलेल्या. जिथे पान नाही तिथे ‘पान फाटलेले’ असं अहवालात प्रामाणिकपणे लिहावं लागतं. त्यात जमिनीचा नंबर बदललेला असतो: सर्व्हे नंबर, मग हिस्सा, मग सिटी सर्व्हे. एकाच नंबरानं पाहिलं तर अर्धे दस्त हाती लागत नाहीत. संगणकावर आलेल्या वर्षांचं काम झटपट होतं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

जमीन निर्वेध निघाली. अडलं फ्लॅटवर. मूळ घेणारे गृहस्थ मृत्युपत्र न करता वारलेले. विकणारा त्यांचा मुलगा, सोसायटीकडे नॉमिनी तोच, शेअर सर्टिफिकेटवर नावही त्याचंच. बँकेनं कर्ज तत्त्वतः मंजूर केलेलं. जोडपं निर्धास्त होतं.

“बहिणी आहेत का त्यांना?” वकीलबाईंनी विचारलं.

दोन होत्या. एक चिंचवडला, एक अमेरिकेत. आई नव्हती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तिघांचा वाटा सारखा. नॉमिनी म्हणजे सोसायटीनं ज्याच्याशी व्यवहार ठेवायचा तो. वारसांचा हक्क त्यानं बुडत नाही. सगळ्या फाइलींत सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे, आणि त्याची किंमत बहिणी मोजतात, नाहीतर घेणारा. बँकेच्या मंजुरीवर विसंबणंही बरं नव्हे. बँक स्वतःच्या रकमेपुरतं पाहते.

विकणाऱ्या मुलानं मूळ करारनाम्याची झेरॉक्स आणली होती. ती वकीलबाईंनी परत केली. “अस्सल बघितल्याशिवाय मी मत देत नाही. अस्सल कागद एखाद्या बँकेत ठेवून कर्ज उचललेलं असू शकतं.” अस्सल आला, मागे बँकेची मोहोर नव्हती, तरी सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत कर्ज तपासलंच.

तोवर जोडप्याला विसाराची घाई. मुलगा म्हणत होता, नोटरी करून साधी पावती करू. वकीलबाईंनी ठाम नकार दिला: नोटरीनं घराची मालकी येत नाही आणि ज्याच्याकडे एक तृतीयांश हिस्सा आहे त्याला पूर्ण घराचा विसार कशासाठी? जाहीर नोटीस दोन वृत्तपत्रांत दिली, चौदा दिवसांची. हरकत आली नाही. चिंचवडची बहीण स्वतः सही करायला तयार झाली. अमेरिकेतलीनं तिथल्या नोटरीपुढे भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं आणि त्यावर अपोस्टिल घेतलं. असं पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, म्हणून वकीलबाईंनी ते पाकीट मिळाल्याची तारीख आधी लिहून ठेवली.

मग करारनामा नव्यानं लिहिला. लिहून देणार तिघं. धनादेशही तीन, प्रत्येकाच्या नावानं; किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं भारतातल्या दोघांच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, अमेरिकेतल्या बहिणीच्या रकमेतून मात्र अनिवासींच्या वेगळ्या दरानं. मुलानं विचारलं, सगळी रक्कम माझ्या खात्यात आली तर चालेल का, मी त्यांना देईन. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही द्याल हो. पण ज्याचा हिस्सा, त्याचा धनादेश.” आणि पुढच्या ओळीत त्यांनी अमेरिकेतल्या बहिणीचा खाते क्रमांक मागितला.