आकाशाचा मालक कोण?

कोलकात्यात धर्मतळ्याहून निघालात, मैदान डाव्या-उजव्या हाताला ठेवत खिदिरपूर गाठलेत आणि माजेरहाट, तारातला मागे टाकत डायमंड हार्बर रस्त्याने दक्षिणेकडे गेलात, की बेहाला लागते. जुनी घरे, मिठाईची दुकाने, पूजेचे मांडव आणि गल्लीगल्लीत चेंडूफळी! सौरव गांगुली इथला. त्याचे वडील चंडीदास गांगुली हे बंगाल क्रिकेट संघटनेच्या, म्हणजे ‘कॅब’च्या पदाधिकाऱ्यांपैकी एक होते. त्यामुळे क्रिकेटचे राजकारण आणि क्रिकेटचे वेड, दोन्ही या घराला परिचयाचे.

बेहालाहून इडन गार्डन्स आठ-दहा किलोमीटरवर. एके काळी लाखभर माणसे मावणारे मैदान इतके जवळ असूनही बेहालातल्या बहुतेकांनी इडनचे सामने पाहिले वा ऐकले ते घरात बसूनच. तिकीट मिळणे सोपे नव्हते. मिळालेच, तर ते घरातल्या एकाला मिळणार! बाकीच्यांसाठी रेडिओ आणि पुढे दूरदर्शन. म्हणूनच सामन्याचे प्रक्षेपण कोणी करायचे आणि ते घराघरात पोचू द्यायचे की नाही, हा प्रश्न इथल्या माणसाला कायद्याच्या पुस्तकातला वाटत नाही. तो थेट त्याच्या बैठकीच्या खोलीतला प्रश्न आहे. आणि गंमत म्हणजे, या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तो कोलकात्याच्याच एका स्पर्धेमुळे.

आधी रेडिओबद्दल थोडेसे. आकाशवाणीचे कोलकाता केंद्र इडन गार्डन्सच्या अगदी शेजारी आहे. अजय बसू, कमल भट्टाचार्य आणि पुष्पेन सरकार या तिघांनी बंगालीतून केलेले धावते वर्णन तिथल्या जुन्या पिढीच्या कानात अजून आहे. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी अस्सल मराठीत समालोचन करून ओसरीवरच्या आजीलाही क्रिकेटची गोडी लावली, तेच काम या तिघांनी बंगाली घरांत केले. महालयाच्या पहाटेसाठी माळ्यावरून काढून दुरुस्त केलेला रेडिओ हिवाळ्यात कसोटीच्या वेळी पुन्हा कामाला येई. इंग्रजी न येणाऱ्या गृहिणीला स्वयंपाक करता करता धावसंख्या सांगता येऊ लागली, हा काही लहान बदल नव्हता.

हे केवळ आपल्याच देशातले नवल नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए या रेडिओ केंद्रावरून हॅरॉल्ड अर्लिन यांनी ५ ऑगस्ट १९२१ रोजी व्यावसायिक बेसबॉल सामन्याचे पहिले धावते वर्णन केले. लोकांना ते आवडले, पण क्लबांचे मालक मात्र धास्तावले. घरबसल्या ऐकायला मिळाले तर मैदानावर कोण येणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी मिळून आपल्या सामन्यांना काही वर्षे रेडिओची दारेच बंद केली होती. ही कोंडी १९३९ साली फुटली, आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्या मैदानावरून व्यावसायिक बेसबॉलचा पहिला सामना टेलिव्हिजनवर दिसला. पुढे मालकांना उमगले, की रेडिओ आणि टेलिव्हिजन हे गिऱ्हाईक पळवत नाहीत, उलट नवे गिऱ्हाईक आणतात. तिथे भांडण होते क्लब आणि खासगी कंपन्या यांचे. आपल्याकडे मात्र समोर उभे होते साक्षात सरकार!

आता १९९३ कडे येऊ. ‘कॅब’च्या हीरकमहोत्सवानिमित्त नोव्हेंबरात हीरो चषक स्पर्धा ठरली. भारत, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज, श्रीलंका आणि झिंबाब्वे असे पाच संघ. इडनवर प्रकाशझोतातले सामने. ‘कॅब’ने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले आणि ठिणगी पडली. तोवर देशात सामना दाखवायचा तो दूरदर्शननेच, असा शिरस्ता होता. आमच्या देशातला सामना आम्ही परक्या कंपनीकडून विकत का घ्यायचा, असा दूरदर्शनचा सवाल. सामना आम्ही भरवतो, खर्च आम्ही करतो, मग तो कोणाला विकायचा हे तुम्ही कोण ठरवणार, असा ‘कॅब’चा.

खरे सांगायचे तर दोन्ही बाजूंना आपापल्या तिजोरीची काळजी होती. प्रेक्षकाचे नाव दोघेही घेत होते, एवढेच.

सरकारच्या हातात १८८५ चा तार कायदा होता. तारायंत्राच्या जमान्यात इंग्रजांनी केलेला! उपग्रहाकडे चित्र पाठवायचे तर त्या कायद्याखाली परवाना हवा, आणि तो सरकार देणार. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईच्या कस्टम्सने अडवून धरली. स्पर्धा सुरू झाली तरी प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात धावतच होते. अखेर १५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि प्रक्षेपणाची वाट मोकळी झाली.

ती मोकळी झाली नसती तर काय हुकले असते, हे नऊ दिवसांनी कळले. २४ नोव्हेंबर १९९३, इडनवर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा उपांत्य सामना. भारताच्या १९५ धावा. शेवटच्या षटकात आफ्रिकेला सहा धावा हव्या आणि समोर ब्रायन मॅकमिलन. कर्णधार अझरुद्दीनने चेंडू दिला तो वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या हाती, ज्याने त्या सामन्यात तोवर एकही षटक टाकले नव्हते. पहिल्याच चेंडूवर एक धावचीत. मग ॲलन डोनाल्डला चेंडू बॅटीवरच येईना. षटकात निघाल्या फक्त तीन धावा, भारत दोन धावांनी विजयी! आपल्या वडिलांच्या किंवा काकांच्या पिढीतल्या कोणालाही विचारून पाहा. ते षटक कुठे बसून पाहिले, शेजारी कोण होते, कोणी डोळे मिटून घेतले होते, सारे सांगतील. बेहालात काय आणि बोरिवलीत काय, शेजाऱ्यांसकट घर त्या पडद्यासमोर होते. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने १२ धावांत सहा बळी घेतले आणि चषक भारताचा झाला.

न्यायालयातला खटला मात्र चालूच राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले सावंत हे आपले मराठी न्यायमूर्ती. निकालाचा गाभा असा: ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याचीही नाही. माहिती व मनोरंजन देण्याचा हक्क जसा आविष्कार स्वातंत्र्यात येतो, तसाच ते मिळवण्याचा हक्कही येतो. या लहरींचे नियमन करण्यासाठी सरकारने स्वायत्त संस्था उभारावी, असेही न्यायालयाने सांगितले. १९९० मध्ये संमत होऊन धूळ खात पडलेला प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला.

म्हणजे ‘कॅब’ जिंकली. पण निकालपत्रात जो हक्क लिहिला गेला तो घरात बसलेल्या माणसाचा होता, हे विसरून चालणार नाही. कारण पुढे वारे एकाच दिशेने वाहिले. दूरदर्शनची मक्तेदारी गेली, त्या जागी पैसे भरून पाहायच्या वाहिन्या आल्या. २००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेवरून पुन्हा वाद पेटला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यायचे. सामान्य घराला दिलासा मिळाला, पण तोही अर्धाच. २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि मोफत डिशवरूनच दाखवावे, खासगी केबलवाल्यांना देऊ नये. आयपीएल तर या तरतुदीत बसवलेलीच नाही.

आणि पैसा? जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. त्या वेळी भारतीय क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षपदी होता बेहालाचा सौरव गांगुली. १९९३ मध्ये ‘कॅब’ आणि दूरदर्शन ज्या रकमेवरून हातघाईवर आले होते, ती या आकड्यापुढे किरकोळच म्हणायची.

आता तारातलाच्या डोक्यावरून मेट्रो धावते आणि सामना मोबाइलच्या पडद्यावर मावतो. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली, २०२५ ला वर्गणी मागितली गेली. केबल असलेल्या घरात मात्र एक विचित्र गोष्ट घडते. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना चालू असताना आजोबा सवयीने दूरदर्शनचा क्रमांक दाबतात आणि तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. पलीकडच्या घराच्या छपरावर मोफत डिश आहे. त्या घरात, त्याच दूरदर्शनवर, तोच सामना दिसत असतो. मग आजोबा चष्मा सावरत चपला घालतात आणि शेजारी जातात.